लॅपटॉप रुसतो तेव्हा

मिक्सर बंद पडला तर आपण काय करतो? आधी बटण खाली-वर करून पाहतो, मग पिन दुसऱ्या सॉकेटमध्ये लावतो, भांडं नीट बसलंय का ते बघतो आणि मिक्सर आडवा करून बुडाचं ते लाल बटण दाबतो. एवढं करूनही तो हूं की चूं करत नसेल तरच पिशवीत घालून दुकानात नेतो. इस्त्रीचं तसंच, गॅसच्या शेगडीचं तसंच, पाण्याच्या मोटारीचंही तसंच. पण लॅपटॉप उघडला नाही की आपले हातपायच गळतात. आणि नेमकं त्याच वेळी पाठीमागून कुणीतरी म्हणतं, "तूच काहीतरी दाबलं असशील!"

मैत्रिणींनो, काहीतरी दाबल्याने लॅपटॉप मरत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. तो बंद पडण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात: वीज, उष्णता, धूळ, सैल झालेली वायर, अर्धवट राहिलेलं एखादं अपडेट. यातली बरीचशी घरच्या घरी तपासता येतात, आणि त्यासाठी स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही.

आमच्या कळवणसारख्या गावात तर हे यायलाच हवं. कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र गाठायचं म्हणजे नाशिकची वाट धरायची. जाऊन-येऊन एसटीत अख्खा दिवस मोडतो, आणि तिथे गेल्यावर कळतं की चार्जरची वायर सैल होती! बरं, लॅपटॉप ही काही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. थोरल्याच्या कॉलेजचा प्रोजेक्ट त्यात, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला लावायची कागदपत्रं त्यात, शिक्षिका असाल तर मुलांचे गुण त्यात, आणि मळ्यात राहत असाल तर चाळीत किती कांदा भरला, कुणाला किती दिला, तो हिशेबही त्यातच.

"लॅपटॉप चालू होत नाही" असं आपण सरसकट म्हणतो खरं, पण डॉक्टरांना नुसतं "बरं वाटत नाही" म्हणून भागतं का? बटण दाबल्यावर काहीच होत नाही, दिवासुद्धा लागत नाही, हे एक दुखणं. दिवा लागतो, आत पंख्याची घरघर ऐकू येते, पण पडदा काळाच राहतो, हे दुसरं. कंपनीचं नाव दिसतं आणि गाडी तिथेच अडते, किंवा बंद होऊन पुन्हा पुन्हा तेच सुरू होतं, हे तिसरं. आणि पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटून सगळं थिजतं, हे चौथं. दुकानात फोन केलात तरी यातलं नेमकं कोणतं ते सांगता आलं, म्हणजे समोरचाही तुमच्याशी जरा नीट बोलतो. हा माझा अनुभव आहे हं!

आधी दिवा बघा

काहीच लागत नसेल तर संशय आधी विजेचा घ्यावा. ज्या सॉकेटमध्ये चार्जर लावलाय तिथे मोबाइल चार्ज होतो का ते पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये असेल तर तो काढून चार्जर थेट भिंतीला लावा. लॅपटॉपच्या चार्जरला मध्ये एक काळा ठोकळा असतो आणि भिंतीकडून येणारी वायर त्या ठोकळ्यात खोचलेली असते. ती वायर रोज गुंडाळून-उलगडून सैल होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. काढून पुन्हा घट्ट बसवा. ठोकळ्यावर दिवा असेल तर तो लागतो का? भिंतीला लावल्यावर लागतो आणि लॅपटॉपला जोडताच विझतो, असं असेल तर दोष चार्जरात किंवा लॅपटॉपच्या आत आहे. हे दुकानदाराला आवर्जून सांगा, त्याचा अर्धा वेळ वाचेल.

शेजारणीचा चार्जर लावून बघायचा मोह होतो. हरकत नाही, पण दोन्ही ठोकळ्यांवरची बारीक अक्षरं आधी वाचा. 'आउटपुट'पुढे लिहिलेले व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नकोत. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना मोबाइलसारखीच टाइप-सी पिन असते, म्हणून मुलं मोबाइलचा चार्जर खुपसतात. पिन बसते, पण अनेकदा तेवढ्याने लॅपटॉपचं पोट भरत नाही.

बॅटरी पार रिकामी झाली असेल तर काही लॅपटॉप लगेच उठत नाहीत. चार्जर लावून अर्धा तास तसाच राहू द्या आणि मग बटण दाबा.

तरीही काही नाही? आता एक जुना आणि गुणकारी उपाय. चार्जर काढा. पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटरची वायर, जे जे लावलं असेल ते सगळं काढा. बॅटरी खटका सरकवून बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. आता पॉवरचं बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. घाई करू नका, मनात सावकाश तीसपर्यंत मोजा. मग बटण सोडा, नुसता चार्जर लावा आणि नेहमीसारखं बटण दाबा.

याने होतं काय, तर लॅपटॉप बंद असला तरी त्याच्या आत एक छोटा नियंत्रक जागा असतो. बटण दाबलं का, झाकण उघडलं का, बॅटरी किती आहे, यावर तो लक्ष ठेवतो. विजेच्या एखाद्या झटक्याने कधीकधी हा पहारेकरी गोंधळतो आणि आपण बटण दाबलेलं त्याला ऐकूच येत नाही. आत अडकलेली उरलीसुरली वीज निपटून टाकली की तो नव्याने कामाला लागतो. थाप मारून रेडिओ सुरू करणाऱ्या आमच्या आजोबांना हा उपाय नक्की पटला असता. फक्त इथे थाप मारायची नाही!

दिवा लागतोय पण पडदा काळा, अशा वेळी 'कॅप्स लॉक'ची कळ दाबून बघा. तिचा दिवा लागतो-विझतो म्हणजे आतला संसार चालू आहे, दिसत तेवढं नाही. खोलीत अंधार करा आणि मोबाइलची बॅटरी पडद्यावर तिरकी धरा. पुसट चित्र दिसलं तर पडद्यामागचा उजेड गेलाय. घरी टीव्ही असेल आणि एचडीएमआयची वायर असेल तर लॅपटॉप टीव्हीला जोडून पाहा. टीव्हीवर चित्र आलं तर लॅपटॉपचा जीव शाबूत आहे, बिघाड पडद्याचा किंवा त्याच्या वायरीचा आहे. मग घाई कसली? आपलं काम टीव्हीवर उरकून घ्यावं आणि फाइली दुसरीकडे उतरवून मगच दुरुस्तीला द्यावं. आणखी एक युक्ती म्हणजे विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, या चार कळा एकदम दाबायच्या. चित्र दाखवणारी यंत्रणा त्याने पुन्हा सुरू होते, आणि कधीकधी तेवढ्यानेच काम होतं.

चालू करताना टीं-टीं असे आवाज येत असतील तर किती येतात ते मोजा, लांब की आखूड तेही बघा. कंपनीगणिक त्यांचा अर्थ वेगळा असतो, पण पुष्कळदा त्यातून मेमरीच्या पट्टीकडे बोट दाखवलेलं असतं. ही पट्टी आत खाचेत बसवलेली असते, धूळ आणि दमट हवेने तिचे सोनेरी दात मळतात. दुरुस्तीवाले ती काढून पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसतात आणि परत बसवतात. लॅपटॉप नीट चालू लागतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण खालचं झाकण उघडण्याची सवय नसेल तर ते तुम्ही करू नका. एवढं मात्र लक्षात असू द्या, की "मदरबोर्ड गेलाय, बारा हजार लागतील" असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणाला, तर "मेमरी काढून, साफ करून पाहिलीत का?" एवढा एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण पूर्ण बंद होत नाही, लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतो, असं काही दिसलं तर मात्र वरचा एकही प्रयोग करू नका. आतली बॅटरी फुगली आहे. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जर लावायचा नाही. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. लॅपटॉप गादीपासून, कपड्यांपासून दूर फरशीवर ठेवा आणि बॅटरी जाणत्या माणसाकडूनच काढून घ्या.

वीज जाते, तेव्हा

आता आपल्याकडच्या विजेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गावातले निम्मे रुसवे इथूनच सुरू होतात, असं माझं मत आहे.

चार्जरच्या ठोकळ्यावर 'इनपुट १००-२४० व्होल्ट' असं छापलेलं असतं. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. म्हणजे दाब उतरला, बल्ब मिणमिणायला लागला, तरी चार्जर तग धरतो. त्याला खरा मार बसतो तो वीज परत येतानाच्या उसळीचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर कडाडणाऱ्या विजांचा. म्हणून वीज गेली की नुसतं बटण बंद करून थांबू नका, पिनच उपटून ठेवा. वीज आल्यावर पाच मिनिटं जाऊ द्या. शीतकपाटाचं जे करता तेच याचंही करा.

पण याहून मोठं कारण वेगळंच आहे. लॅपटॉप जुना झाला की त्याची बॅटरी संपते. आपण म्हणतो, "काय बिघडलं? चार्जर लावून चालतोय ना!" चालतो, पण चार्जर लावून ठेवलेला बिनबॅटरीचा लॅपटॉप वीज गेल्या क्षणी धाडकन बंद होतो. त्या क्षणी विंडोज आपल्याच वहीत काही लिहीत असेल, एखादं अपडेट बसत असेल, तर लिखाण अर्धवट राहतं. पुढच्या खेपेला चालू करताना त्याला ती पानं जुळत नाहीत आणि तो कंपनीच्या नावापाशीच घुटमळतो. मळ्यातल्या बायकांना विजेचं वेळापत्रक तोंडपाठ असतं. ते मोटारीसाठी पाळता, तसं लॅपटॉपसाठीही पाळा. वीज जायच्या आधी रीतसर 'शट डाउन' करा. आणि जमलं तर नवी बॅटरी घालाच. आठवड्यातून एकदा लॅपटॉप रुसण्यापेक्षा तो खर्च परवडला.

पडद्यावर ठिपके गोल गोल फिरताहेत आणि खाली अपडेटचं टक्केवारीचं गणित चाललंय, अशा वेळी धीर धरावा. कधीकधी तास-दीड तास लागतो. मध्येच बटण दाबून बंद करणं म्हणजे कुकरची शिटी व्हायच्या आत झाकण उघडण्यासारखं आहे.

कंपनीच्या नावापाशीच गाडी अडली असेल तर आधी मागे-पुढे लावलेला पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याचं कार्ड काढा. कधीकधी लॅपटॉप आपली विंडोज त्या पेनड्राइव्हवरच शोधत बसतो! हसू येईल, पण ह्या एका कारणासाठी लोक दुकानापर्यंत जाऊन आलेले आहेत.

निळा पडदा दिसला तर घाबरून लगेच बटण दाबू नका. मोबाइलने त्याचा फोटो काढा. खाली जे इंग्रजी शब्द असतात तो दुखण्याचा पत्ता असतो. विंडोजच्या नव्या आवृत्तीत हा पडदा काळा केलाय, तेव्हा काळ्यावर पांढरी अक्षरं दिसली तरी ती तीच बया समजा.

हा निळा पडदा फक्त आपल्याच घरी येतो असं नाही बरं का. १९ जुलै २०२४ ला, शुक्रवारी, तो एकाच दिवशी जगभर आला होता. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीने आपल्या सुरक्षेच्या प्रोग्रॅमचं एक सदोष अपडेट पाठवलं, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. विमानतळ, बँका, दवाखाने, सगळीकडे तीच रड. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या संगणकांना झालं होतं काय? यंत्र शाबूत होतं, आतली माहिती शाबूत होती. चालू होताना एक सदोष फाइल वाचली जायची आणि तिथेच तो ठेचकाळायचा. पुष्कळ ठिकाणी माणसांनी एकेका संगणकासमोर बसून, तो 'सेफ मोड'मध्ये उघडून, ती एक फाइल काढून टाकली, आणि संगणक पूर्ववत चालू झाले. इतक्या मोठ्या कंपन्यांना जो उपाय करावा लागला तोच तुम्हा-आम्हालाही करता येतो.

तो असा. लॅपटॉप चालू करा आणि कंपनीचं नाव दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोजला कळतं की आपली तब्येत ठीक नाही, आणि पुढच्या खेपेला ती दुरुस्तीचा पडदा उघडते. तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा. आधी 'स्टार्टअप रिपेअर' करून पाहा. बिघाड एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मधून ते अपडेट काढा. 'सिस्टिम रिस्टोअर'ने लॅपटॉप काही दिवसांपूर्वीच्या अवस्थेत नेता येतो, फोटो आणि कागदपत्रांना त्यात धक्का लागत नाही. आणि 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून रीस्टार्ट केल्यावर ४ आकडा दाबला की 'सेफ मोड' उघडतो. आजाऱ्याला आपण पेज देतो ना, तसा हा लॅपटॉपचा पेजेचा आहार: फक्त गरजेपुरतं चालू, बाकी सगळं बंद. सेफ मोडमध्ये लॅपटॉप उघडला तर मुलांनी नुकताच टाकलेला एखादा गेम किंवा प्रोग्रॅम काढून टाका आणि पुन्हा चालू करा.

त्याच पडद्यावर 'रिसेट धिस पीसी' असंही एक बटण असतं. त्याच्यापाशी जरा जपून. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तर तुमच्या फाइली राहतात, प्रोग्रॅम जातात. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं तर नावाप्रमाणेच सगळं जातं.

काही नव्या लॅपटॉपवर याच वेळी 'बिटलॉकर'ची ४८ आकडी किल्ली मागितली जाते. आतली माहिती कुलूपबंद असते, त्या कुलपाची ही किल्ली. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जो ई-मेल दिला होता त्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती बहुधा ठेवलेली असते, आणि मोबाइलवरून ते खातं उघडून ती पाहता येते. पण तो ई-मेल दुकानदाराने स्वतःच बनवून दिलेला असतो आणि घरात कुणालाच ठाऊक नसतो, असं हमखास होतं. लॅपटॉप चांगला चालू असताना, आजच, ती किल्ली शोधा, कागदावर उतरवा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

'फॉरमॅट' म्हणाले की थांबा

या लेखातलं सगळं विसरलात तरी चालेल, हे एवढं विसरू नका.

आमच्या वसाहतीत एक वहिनी राहतात. त्यांचे यजमान प्राथमिक शाळेत शिक्षक होते. २०२१ च्या लाटेत ते गेले. त्याच्या आदल्या वर्षी शाळा बंद होत्या तेव्हा गुरुजी घरच्या भिंतीवर फळा टांगून मुलांसाठी धडे रेकॉर्ड करत. मोबाइल भरला की ते सगळं लॅपटॉपवर उतरवून ठेवत. गेल्या वर्षी तो लॅपटॉप कंपनीच्या नावापाशी अडकून बसला. मुलगा दुकानात घेऊन गेला. तिथला पोरगा म्हणाला, "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारून तासाभरात देतो." मुलगा हो म्हणणार होता, पण वहिनी सोबत होत्या. त्यांनी विचारलं, "आतले व्हिडिओ राहतील का?" पोरगा म्हणाला, "ते जातील काकू." वहिनींनी काही न बोलता लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आणला.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला लॅपटॉप चालू करून द्यायचा होता, आणि फॉरमॅट हा त्याचा सगळ्यात सोपा मार्ग. पण फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. विंडोज नवी येते, लॅपटॉप पळू लागतो, आणि आधी लिहिलेलं सगळं जातं. नंतर पुसलेलं परत आणायला तज्ज्ञ असतात, पण त्यांचं बिल हजारांच्या घरात जातं, आणि सगळं मिळेलच याची हमी ते देत नाहीत.

संगणकाच्या वर्गात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांनी तो लॅपटॉप उघडला. खालचे स्क्रू काढून आतली हार्ड डिस्क बाहेर काढली. पत्त्यांच्या जोडाएवढी ती वस्तू. काही शे रुपयांना मिळणाऱ्या एका डबीत बसवून त्यांनी ती वायरने दुसऱ्या संगणकाला लावली, आणि पेनड्राइव्ह उघडावा तशी ती उघडली. बिघडली होती ती विंडोज. डिस्क ठणठणीत होती. गुरुजींचे अपूर्णांक, गुरुजींची नदीची गोष्ट, मध्येच "अगं, कुकर बंद कर" असं आत पाहून म्हणणारा त्यांचा आवाज, सगळं जसंच्या तसं. ते सगळं दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवलं. एक वहिनींकडे, एक त्यांच्या माहेरी. मग लॅपटॉप निवांतपणे फॉरमॅट केला. तो आता धाकटीच्या अभ्यासाला आहे. वहिनींनी त्यातला एकही व्हिडिओ अजून उघडून पाहिलेला नाही. पण ते आहेत.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य हेच म्हणा: "आतली माहिती आधी काढून द्या, मग काय करायचं ते करा." आणि ते पावतीवर लिहून घ्या. काही स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये माहिती साठवणारा भाग मूळ बोर्डालाच डकवलेला असतो, तो असा वेगळा काढता येत नाही. अशा वेळीही पेनड्राइव्हवरून दुसरी यंत्रणा चालवून फाइली काढता येतात, जाणता माणूस हे करू शकतो. बिटलॉकरचं कुलूप असेल तर मात्र दोन्हीकडे ती ४८ आकडी किल्ली लागणारच.

एक गोष्ट मात्र घरी ओळखता यायला हवी. जुन्या लॅपटॉपमधून टक्-टक्, टक्-टक् असा ठरावीक आवाज येत असेल तर तो ताबडतोब बंद करा आणि पुन्हा चालू करूच नका. जुन्या हार्ड डिस्कमध्ये ग्रामोफोनसारखी तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक काटा सरकतो, पण तबकडीला न टेकता. तो आवाज म्हणजे काटा वाट चुकलाय. दर वेळी "एकदाच बघू या" म्हणून बटण दाबलं की तबकडी खरवडली जाण्याचा धोका असतो. वरचा दोन-तीनदा चालू-बंद करण्याचा उपाय अशा लॅपटॉपला मुळीच करू नका. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी नसते, एसएसडी असते. ती वेगवान खरी, पण जाते तेव्हा आवाज न करता जाते.

उन्हाळ्यात तासाभराने लॅपटॉप आपोआप बंद पडतो आणि थंड झाला की चालू होतो, अशी तक्रार असेल तर तिचं कारण बहुधा धूळ हेच. आत एक छोटा पंखा गरम हवा बाजूच्या जाळीतून बाहेर टाकतो. वैशाखातला फुफाटा आणि गोधडीचे धागे त्या जाळीत बसले की हवा कोंडते, आणि आतलं यंत्र जळू नये म्हणून लॅपटॉप स्वतःच बंद होतो. मुलांना गादीवर, मांडीवर उशी घेऊन लॅपटॉप लावायची सवय असते, ती मोडा. पोळपाट उलटा घालून त्यावर ठेवला तरी चालेल, पण खाली हवा हवी. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या.

आणि चहा सांडला तर? क्षणाचाही विचार न करता चार्जर काढा, बटण दाबून धरून बंद करा, आणि लॅपटॉप तंबूसारखा पालथा उभा करा, म्हणजे चहा खाली निथळेल. उन्हात ठेवू नका, केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा मारू नका, तांदळाच्या डब्यात तर मुळीच पुरू नका. साखरेचा चहा वाळला की आत चिकटतो आणि गंज धरतो. दिसायला कोरडा झाला म्हणून चालू न करता थेट दुरुस्तीला न्या.

दुकानात देताना लॅपटॉपचा सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. तो खालच्या बाजूला चिकटवलेला असतो. कोणता भाग बदलणार, किती लागतील हे आधी विचारा, आणि बदललेला जुना भाग परत मागा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण तिथे पावतीशिवाय बोलणार काय? कुणी सांगेल, "विंडोज १० बंद झालं म्हणून तुमचा लॅपटॉप बंद पडला." तेही ऐकून घेऊ नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्या आवृत्तीची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स थांबली, एवढंच. त्यामुळे लॅपटॉप चालू व्हायचा थांबत नाही.

आणि पडद्यावर भोंगा वाजून, "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा" असं आलं, तर तो बिघाड नसून चोर आहे. खऱ्या निळ्या पडद्यावर फोन नंबर कधी नसतो. बटण दाबून लॅपटॉप बंद करा. कुणी आधीच फोन करून पैसे देऊन बसलं असेल तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

लॅपटॉप अगदीच निकामी ठरला, तरी भंगारवाल्याच्या तराजूत तो तसाच घालू नका. त्यातली डिस्क आधी काढून घ्या. कांदे-लसणाच्या टोपलीत नको, कपाटात, कोरड्या जागी, तिच्यावर नाव आणि साल लिहून ठेवा.